चिठ्ठ्या लिहून देणाऱ्या अंताल्याच्या आब्लांना

प्रिय आब्ला,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, तरी मराठीतच लिहिते आहे. तुम्ही आम्हाला तुर्कीत जे लिहून दिलंत त्यातलं मला तरी कुठे काय कळत होतं? पण त्या आठ दिवसांत त्याच्यावाचून आमचं पान हललं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आई आणि मी तुर्कस्तानात अंताल्याला आलो. आई एकाहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण हौस दांडगी. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा करून रस्त्यावरच्या एका दुकानातून स्वस्तातली सहल घेतली. एका दिवसात धबधबा, देऊळ, थिएटर, वर जेवण फुकट. प्रत्यक्षात धबधब्यापाशी वीस मिनिटं, थिएटर गाडीतूनच, आणि चामड्याच्या शोरूममध्ये पावणेदोन तास. आईला कोट घालून आरशासमोर उभं केलं होतं. "हा घालून साताऱ्यात भाजी आणायला जाऊ का?" असं ती त्या पोऱ्याला मराठीत विचारत होती.

संध्याकाळी काले-इची या जुन्या वस्तीतल्या, आम्ही उतरलो होतो त्या तुमच्या घरी परतलो, तर तिला जिना चढवेना. ती पायरीवरच बसली. काय काय पाहिलंत, हे तुम्ही विचारलं नाहीत. आतून एक स्टूल आणलंत, "तेय्झे, तेय्झे" म्हणत तिचे पाय त्यावर ठेवलेत. तेय्झे म्हणजे मावशी आणि आब्ला म्हणजे ताई, हे तुमच्या भाच्याने फोनवरून सांगितलं तेव्हा आईला फार बरं वाटलं. नातं लागल्याशिवाय तिला परकं गाव आपलंसं होत नाही.

मग तुम्ही भिंतीवरच्या, रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरची जुनी पानं काढलीत आणि पाठकोऱ्या बाजूला लिहायला बसलात. एका दिवसाला एक चिठ्ठी, एका चिठ्ठीत एकच ठिकाण. माझ्या यादीतलं निम्मं तुम्ही काट मारून उडवलंत. मला रागच आला होता, खोटं कशाला सांगू.

पहिल्या चिठ्ठीवर तर चित्रच होतं: एक चौकोन आणि खाली जाणारा बाण. जुन्या बंदरावर उतरायला कड्याला लागून लिफ्ट आहे, हे मला माहीतच नव्हतं. मी आईला त्या सगळ्या पायऱ्या उतरवणार होते. खाली बंदरातून बोट घेतली. खालचा ड्यूदेन धबधबा चाळीसेक मीटर उंचीवरून थेट समुद्रात पडतो, आणि तो खरा दिसतो तो समुद्रातूनच. बोट जवळ गेल्यावर तुषार अंगावर आले. आईने डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले. वरच्या ड्यूदेनला धबधब्यामागच्या गुहेत उतरता येतं. तो तुम्ही आईसाठी काटला होतात. निसरड्या पायऱ्या.

हेड्रियनच्या कमानीसाठी चिठ्ठी लागली नाही, ती तुमच्या घरापासून चालत पाच मिनिटं. इ.स. १३० मध्ये रोमन सम्राट येणार म्हणून बांधलेली. मधल्या कमानीखाली काच बसवली आहे आणि काचेखाली, गाड्यांच्या चाकांनी दगडात पाडलेल्या खोल चाकोऱ्या. चाकोरी हा शब्द मी जन्मभर वापरला, पाहिली ती तिथे.

आस्पेंडोसच्या रोमन थिएटरची चिठ्ठी सगळ्यात लांबलचक होती. सेरिक गावाच्या डोलमुशमध्ये बसलो. डोलमुश म्हणजे भरलेलं. आमच्याकडचं वडापच, भरल्याशिवाय हलत नाही. थिएटर मोठ्या रस्त्यापासून चारेक किलोमीटर आत आहे. आम्हाला सेरिकला उतरवून तो ड्रायव्हर निघून गेला असता तरी बोलायला जागा नव्हती. पण त्याने चिठ्ठी वाचली, स्वतः उतरून टॅक्सी ठरवून दिली, थांबण्यासकट. चिठ्ठी मात्र त्याने खिशात घातली ती घातलीच.

दुसऱ्या शतकातलं ते थिएटर, पण रंगमंचामागची भिंत जवळजवळ पुरी उभी. पुढे सेल्जुक तुर्कांनी ते वापरात ठेवलं, डागडुजी केली, म्हणून टिकलं. आई खाली मधोमध उभी राहिली, मी धापा टाकत सगळ्यात वरच्या रांगेत. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पाण्याची बाटली तुझ्याकडेच राहिली की गं." शब्द न् शब्द ऐकू आला.

तेर्मेसोस या डोंगरावरच्या प्राचीन, उजाड गावी मला एकटीला पाठवलंत. बरं केलंत. हजार मीटरच्या वर, गेटपासून गाडीरस्ता नऊ किलोमीटर, आणि पुढे नुसते दगड. इ.स.पू. ३३३ मध्ये सिकंदरानेही ते गाव न जिंकताच वाट बदलली होती. मी वर कड्यावरच्या थिएटरात वारा खात होते तेव्हा आई तुमच्या अंगणात डाळिंबं सोलत होती. जेवायला तुम्ही तिला पियाझ दिलात. तिला वाटलं, पियाझ म्हणजे कांदा. आली तिळाच्या ताहिनीत कालवलेली पांढऱ्या घेवड्याची थाळी. आता घरी तीळ वाटून तसंच करायचा प्रयत्न चालू आहे, दोनदा फसलाय.

सिदे गावाबद्दल काही लिहीत नाही. देवळाचे खांब सुंदर, गर्दी भयंकर.

शेवटच्या रात्री मी उरलेल्या चिठ्ठ्या फोनवर भाषांतरित करून पाहिल्या. मला वाटलं होतं पत्ते आणि भाडी असतील. प्रत्येकीवर पहिली ओळ एकच: "ही माझी पाहुणी आहे. मावशीला पायरी उंच पडते, गाडी कडेला लावून थांबा, घाई करू नका." पाहुण्याला तुम्ही मिसाफिर म्हणता. आमच्याकडे मुसाफिर म्हणजे नुसता वाटसरू.

तुमचे मनापासून आभार, आब्ला. लाडवांचा डबा परत पाठवू नका.

चिठ्ठ्या आईने देवघरातल्या पोथीत ठेवल्या आहेत. शेजारच्या काकू आल्या की ती बाहेर काढते आणि मोठ्याने मराठीत वाचून दाखवते. दर वेळी मजकूर वेगळा असतो.

तुमच्या तेय्झेची मुलगी