तक्रार : साक्षीदाराशिवाय घेतलेली सही आणि बदललेल्या पिना

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्यामार्फत ग्रेडिंगला, म्हणजे अवस्था तपासून गुण देण्यासाठी, पाठवलेले माझे दोन कॉमिक्स अंक मागच्या आठवड्यात इंदूरला पोचले. पॅकिंग चांगलं होतं, अंकाच्या पारदर्शक केसवर ओरखडाही नाही. तक्रार आहे ती केसच्या आत काय आहे त्याबद्दल.

पहिला अंक नागराजचा. राज कॉमिक्स १९८६ मध्ये सुरू झालं, त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतला. त्या काळातली स्वच्छ प्रत मिळणं किती कठीण, हे मी आपल्याला सांगायला नको. तेव्हा कॉमिक्स विकत घेणारे थोडे आणि भाड्याने नेणारे फार. त्यामुळे आज हाती येणाऱ्या प्रतीवर वाचनालयाचा जांभळा शिक्का असतो, कोपऱ्यात कुणा पिंटूने आपलं नाव घातलेलं असतं आणि पाठीला सेलोटेप. खजुरी बाजारातली जुन्या पुस्तकांची दुकानं आणि रद्दीवाले पालथे घालून, वर्षानुवर्षांनी मला ही बिनशिक्क्याची, बिनटेपची एक प्रत मिळाली होती. तीच आपल्याकडे दिली.

आपल्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं की चित्रकाराची सही सीजीसी या ग्रेडिंग संस्थेच्या साक्षीदारासमोर होईल आणि अंकाला पिवळं लेबल मिळेल. त्यापोटी साध्या ग्रेडिंगपेक्षा जवळजवळ दुप्पट पैसे आपण आगाऊ घेतले. आलं ते हिरवं लेबल. ग्रेड ८.५ आणि खाली शेरा, मुखपृष्ठावर नाव लिहिलेलं आहे.

उद्या हे पत्र ग्राहक आयोगापुढे गेलं तर तिथे कॉमिक्सचे जाणकार असतीलच असं नाही, म्हणून थोडं खुलासेवार लिहितो. सीजीसी ही ग्रेडिंग करणारी अमेरिकन संस्था २००० सालापासून काम करते. अंक तपासून ०.५ ते १० मध्ये गुण देते आणि तो पारदर्शक केसमध्ये कायमचा बंद करते. लेबल निळं असेल तर अंक साधा. पिवळं असेल तर सही संस्थेने नेमलेल्या साक्षीदाराच्या डोळ्यांदेखत झाली आणि तिथून अंक त्यानेच ताब्यात ठेवला, मधे मालकाच्याही हाती पडला नाही. साक्षीदार नसेल तर सही कितीही खरी असो, मुखपृष्ठावर कुणीतरी काहीतरी लिहिलं आहे एवढंच धरलं जातं आणि असं हिरवं लेबल लागतं. म्हणजे ज्येष्ठ चित्रकाराची सही आणि तो पिंटू, दोघे एकाच रांगेत! नियम कडक आहे खरा, पण खोट्या सह्यांचा सुळसुळाट पाहता मला तो योग्यच वाटतो.

सहीचा व्हिडिओ आपणच मला पाठवला होता. त्यात चित्रकार त्यांच्या घरच्या टेबलाशी बसले आहेत, शेजारी आपल्या कंपनीचा टी-शर्ट घातलेला मुलगा उभा आहे आणि तोच अंक उचलून पिशवीत घालतो आहे. तिसरं कुणी नाही. (त्या चित्रकारांचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. त्यांनी आपुलकीने सही केली, त्यांचा यात काही दोष नाही.)

फोन केला तर उत्तर मिळालं, “सर, सिग्नेचर तो असली है ना, वीडियो है, हम अपना सर्टिफिकेट दे देंगे.” सही खोटी आहे असं मी एकदाही म्हटलेलं नाही. मी पैसे साक्षीदाराचे भरले होते. विकणाऱ्यानेच छापून दिलेल्या सर्टिफिकेटला सियागंजातला किराणावालासुद्धा विचारणार नाही. दुसरीकडे हस्ताक्षर तपासून घ्या, असाही सल्ला मिळाला. म्हणजे पुन्हा फी, पुन्हा टपाल, आणि ते लेबल वेगळंच.

मला सगळ्यात जास्त राग याचा आहे की ऑर्डर देतानाच मी ईमेलने कळवलं होतं : साक्षीदार येणार नसेल तर सही घेऊ नका, अंक कोरा परत पाठवा. त्यावर आपलं “नोटेड” असं उत्तरही आहे. कोरा अंक पुढच्या संधीपर्यंत थांबला असता, त्याला कसली घाई होती? मार्करची सही आता पुसता येत नाही. आपल्या माणसाला त्या दिवशी रिकाम्या हाताने परतायचं नव्हतं, याची किंमत माझ्या प्रतीने मोजली.

दुसरा अंक मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा, वेताळाचा. त्याच्या पिना गंजल्या होत्या. गंजासाठी गुण कापले जातील हे मला माहीत होतं आणि मान्यही होतं. फॉर्मवर “काहीही दुरुस्ती नको” या चौकटीत मी खूण केली आहे. तरी कुणीतरी पिना काढून नव्या चकचकीत घातल्या आणि ग्रेडरच्या शेऱ्यात ते नोंदलं गेलं. जुन्या पिना तरी जपून ठेवल्यात का?

माझ्या मागण्या अशा. दोन्ही अंकांची संपूर्ण फी, विमा आणि कुरिअरसह परत करावी. नागराजच्या त्याच अंकाची, शिक्का-टेप नसलेली, तितक्याच चांगल्या अवस्थेतली कोरी प्रत आणून द्यावी. ती मिळत नसेल तर बाजारभावाने भरपाई द्यावी, आणि तो भाव आपल्या एकट्याच्या अंदाजाने ठरू नये. साक्षीदार का नव्हता आणि पिना कुणी बदलल्या, हे सहीशिक्क्यानिशी लेखी कळवावं. तोवर त्या जाहिरातीतलं पिवळ्या लेबलचं आश्वासन काढून टाकावं, कारण माझ्यासारखे आणखी कुणी आत्ता पैसे भरत असतील.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, तेव्हा हेलपाटे आपल्याला इंदूरला घालावे लागतील.

बिल, ईमेल, भरलेला फॉर्म आणि दोन्ही लेबलांचे फोटो सोबत जोडले आहेत. व्हिडिओची प्रत माझ्याकडे आहे. कृपया यापुढे फोन करू नये, जे काही सांगायचं ते लेखी सांगावं.

आपला,
एक ग्राहक
रामबाग, इंदूर
(नाव व ऑर्डर क्रमांक जोडलेल्या बिलावर)