डिस्प्ले येत नाही म्हणून फॉरमॅट मारू देऊ नकोस

भांडुप, मुंबई

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि माझ्याही पोटात गोळा आला. गणपती तोंडावर आलेत, अख्ख्या लालबागच्या मंडळांचे अहवाल आणि पावतीपुस्तकं तुझ्या त्या एका कॉम्प्युटरमध्ये, आणि त्यात तो दुरुस्तीवाला सांगून गेला, ‘मदरबोर्ड गेलाय, हार्डडिस्क फॉरमॅट मारावी लागेल.’ मी घाईत एवढंच म्हणालो की कुणाला हात लावू देऊ नकोस. का म्हणालो आणि आता तू स्वतः काय करायचंस, ते नीट लिहून पाठवतोय. फोनवर अर्धं ऐकू येतं, अर्धं विसरायला होतं. हा कागद मशीनशेजारी ठेव.

तू सांगितलंस की बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवा लागतो, पण स्क्रीन काळी ती काळीच. कंपनीचा लोगोसुद्धा येत नाही. मन्या, सगळं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. मशीन सुरू होताना कामं एका ठरलेल्या क्रमाने होतात. आधी एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, स्वतःचे व्होल्टेज तपासतो आणि ‘ठीक आहे’ असा इशारा बोर्डाला देतो. मग प्रोसेसर जागा होतो आणि बोर्डावरच्या चिपमधला बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्राम, वाचतो. बायोस रॅम, म्हणजे तात्पुरती मेमरी, तपासतो, मग डिस्प्ले सुरू करतो, तेव्हा कुठे लोगो दिसतो. हार्डडिस्कवरच्या विंडोजला हाक मारायची पाळी यानंतर येते. तुझं मशीन लोगोपर्यंतच पोचत नाही. म्हणजे विंडोज बिघडली आहे की धडधाकट आहे, हे अजून त्या मशीनलाही ठाऊक नाही. मग फॉरमॅट मारून काय साधणार? काळी स्क्रीन काळीच राहील, आणि तुझी इतक्या वर्षांची कामं तेवढी पुसली जातील. त्या माणसाचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण हा सल्ला चूक आहे आणि तो तू ऐकायचा नाहीस.

म्हणून पहिलं काम डिस्क वाचवायचं. भिंतीवरचं बटण बंद कर, पिन काढ, कॅबिनेटचं पॉवर बटण थोडा वेळ दाबून धर म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. बाजूचं झाकण उघड आणि हार्डडिस्कच्या दोन्ही वायरी काढून ठेव. एक तर आता कुणी काहीही केलं तरी डेटाला धक्का लागणार नाही, आणि दुसरं म्हणजे कधी कधी शॉर्ट झालेली डिस्कच सगळं अडवून बसते, तेही लगेच कळेल. पेनड्राइव्ह, प्रिंटर, स्कॅनर, सगळं काढ. कीबोर्ड आणि मॉनिटर तेवढा ठेव.

आता मॉनिटर. त्याची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की बोर्डाच्या पोर्टात, ते बघ. कार्ड बसवलेलं असताना केबल बोर्डात असेल तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. मग मशीन चालू करून थोडं थांब आणि कीबोर्डवरचं नमलॉक दाबून बघ. दिवा लागतो-विझतो का? तसं होत असेल तर मशीन जिवंत आहे, फक्त चित्र येत नाहीये. भानगड मॉनिटर, केबल किंवा कार्डाची. दिवा हललाच नाही तर पुढे वाच.

माझा सगळ्यात जास्त संशय रॅमवर आहे. पावसाळा आहे, तुझं दुकान तळमजल्यावर, भिंतीला ओल. मुंबईच्या या दमट हवेत रॅमच्या पट्टीवरच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि स्लॉटच्या आतल्या टोकांवर बारीक मळ धरतो, संपर्क तुटतो आणि अगदी तू सांगतोस तसंच होतं. बंद मशीनमध्ये हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. स्लॉटच्या टोकांच्या खिट्ट्या बाहेर दाब, पट्टी आपोआप वर येईल. कडेने धर, सोनेरी भागाला बोट लावू नकोस. साधं पांढरं, मऊ खोडरबर घे आणि त्या सोनेरी पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने फिरव. हे मशीनपासून लांब, टेबलावर कर, नाहीतर रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडेल. मग कोरड्या मऊ ब्रशने स्लॉट झाड. तोंडाने फुंकर मारू नकोस, फुंकरीत वाफ असते. पट्टी परत बसवताना तिची खाच स्लॉटच्या खाचेवर येऊ दे आणि दोन्ही टोकं समान दाब. खिट्ट्या ‘टक्’ करून बंद झाल्या पाहिजेत. एकच पट्टी लाव, चालू कर. नाही झालं तर तीच दुसऱ्या स्लॉटात, मग दुसरी पट्टी. घाई करू नकोस. प्रत्येक वेळी पिन काढूनच बदल.

प्रोसेसरशेजारी चार किंवा आठ पिनांचा एक वेगळा पॉवर प्लग असतो. तो सैल असला तरीही पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी राहते. तो आणि मोठा चोवीस पिनांचा प्लग, दोन्ही काढून घट्ट बसव.

एवढ्यानेही डिस्प्ले आला नाही, तर बोर्ड खरंच गेलाय का हे ठरवायची एक चांगली परीक्षा आहे. बोर्डावर ‘स्पीकर’ लिहिलेल्या पिना असतात, त्यांवर छोटा बझर लागतो. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आपल्या भडकमकर मार्गावर, तो किरकोळ पैशात मिळतो. बझर लावून रॅम पूर्ण काढ आणि मशीन चालू कर. बीप-बीप ओरडायला लागलं तर आनंदाची गोष्ट समज. रॅम नाही अशी तक्रार करण्याइतके बोर्ड, प्रोसेसर आणि बायोस शाबूत आहेत. किती बीप वाजले याचा अर्थ बायोसच्या कंपनीप्रमाणे बदलतो, त्यात अडकू नकोस. काहीच वाजलं नाही तर मग एसएमपीएस, प्रोसेसर किंवा बोर्ड यांच्याकडे वळायचं.

पंखे फिरतात म्हणजे एसएमपीएस चांगला, असं लोक समजतात, पण ते खरं नाही. मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेव आणि मशीन चालू असताना एसएमपीएसच्या रिकाम्या मोलेक्स प्लगमध्ये, म्हणजे चार वायरींच्या रुंद प्लगमध्ये, मोज. काळ्या आणि पिवळ्या वायरीत 11.4 ते 12.6, काळ्या आणि लालमध्ये 4.75 ते 5.25 आलं पाहिजे. यापेक्षा कमी असेल तर एसएमपीएस बदल. तो खोलू मात्र नकोस, पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो. बोर्डावरचे उभे गोल कपॅसिटरही बघून घे. त्यांचं डोकं सपाट हवं, फुगलेलं किंवा तपकिरी डाग आलेलं दिसलं तर मला फोटो पाठव.

हो, आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात असं तू मागे म्हणाला होतास. ते साधं नाही. तुझ्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा एक्स्टेन्शन बोर्डात ते तुटलंय. वायरमनला आधी बोलाव. दुकानात पोरंबाळं येतात.

बोर्डावरचा गोल सेलही बदल, सीआर 2032, तीन व्होल्टचा. तारीख सारखी मागे जाते म्हणत होतास, तो हा सेल संपल्यामुळे. जुना काढलास की नवा लावायच्या आधी पाचेक मिनिटं तसंच राहू दे, बायोसची बिघडलेली सेटिंगही पुसली जातील. फक्त एक लक्षात ठेव. सेटिंग पुसली की डिस्कचा ‘साटा मोड’, म्हणजे बोर्डाने डिस्कशी बोलायची पद्धत, बदलू शकतो. मग लोगो येतो, पण विंडोज निळ्या स्क्रीनवर 7बी असा एरर देऊन पडते. अशा वेळी परत ‘फॉरमॅट’ म्हणणारे भेटतील. बायोसमध्ये जाऊन तिथे आयडीई आणि एएचसीआय यांतला जो असेल तो सोडून उरलेला पर्याय निवडायचा, बस्स.

डिस्प्ले आला की मशीन बंद करून डिस्क जोड आणि बायोसमध्ये तिचं नाव दिसतं का बघ. दिसत असेल तर विंडोज चालू झाली नाही तरी काळजी नाही, विंडोजऐवजी लिनक्स या दुसऱ्या सिस्टिमच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून सगळं बाहेर काढता येतं. डिस्कमधून टकटक आवाज आला तर मात्र लगेच बंद कर आणि पुन्हा चालू करू नकोस. प्रत्येक फेरीत ती आणखी खराब होत जाते.

आणि कॉपी करताना ज्यात तू पानं जुळवतोस त्या पेजमेकरच्या नुसत्या फाइली घेऊ नकोस. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 ची, त्यात फोटो बहुतेक वेळा बाहेरून जोडलेले असतात, म्हणून अख्खी फोल्डरं घे. तुझे जुने फाँट युनिकोडचे नाहीत. ते फाँट नसतील तर दुसऱ्या मशीनवर अहवालातला मराठी मजकूर निरर्थक इंग्रजी अक्षरांत उघडेल. फाँटचं फोल्डर सगळ्यात आधी कॉपी कर. हे काम मला त्या मशीनपेक्षा मोलाचं वाटतं. तुझ्या बाबांनी खिळे जुळवून छापलेल्या अहवालांचा मजकूर तू पुन्हा टाइप करून ठेवलायस, तो आणखी कुणाकडेच नाही.

रविवारी सकाळी मी येतो. माझा चालू एसएमपीएस, लिनक्सचा पेनड्राइव्ह आणि रिकामी डिस्क घेऊन येईन. बझर तू घेऊन ठेव. आज रात्री रॅमचं तेवढं करून बघ आणि नमलॉकचा दिवा हलला की नाही, ते मला कळव. बोर्ड खरंच गेला असेल तर तसाच जुना बोर्ड लॅमिंग्टन रोडला शोधू, नव्या मशीनचे पैसे इतक्यात कुणाला देऊ नकोस.

काकूंना नमस्कार, वहिनींना आठवण सांग.

तुझा,
दिन्या