‘पंपिंग ६० टक्के’ म्हणजे निर्धास्त?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत हृदयाच्या गळक्या झडपेवरच्या लेखाशेजारी चित्र छापलंत ते रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटचं. ते एक वेळ सोडून देऊ. पण ‘टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ६० टक्के आलं तर काळजीचं कारण नाही’ हे वाक्य चौकटीत, ठळक टाइपात आलंय, ते कसं सोडायचं?

मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली झडप, गळते तेव्हा डावा खालचा कप्पा आकुंचन पावताना काही रक्त महाधमनीत जातं, काही उलटं वरच्या कप्प्यात. ‘पंपिंग’ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं तो आकडा; त्यात दोन्ही धरलं जातं. ठोक्याला १०० मिलिलिटर बाहेर पडून त्यातलं ५० मागे गेलं, तरी आकडा झकास! शिवाय मागची वाट कमी दाबाची, त्यामुळे थकलेला कप्पाही सहज रिकामा होतो. म्हणून तीव्र गळतीत ६० ही घसरणीची खूण. पंपिंग ६० किंवा खाली, नाहीतर आकुंचनाच्या शेवटी कप्प्याचा व्यास ४० मिलिमीटर किंवा वर, यांतलं एक जरी असलं तरी दम लागत नसतानाही शस्त्रक्रियेचा विचार करतात. त्यापुढे ताटकळलं की ऑपरेशननंतर पंपिंग आणखी उतरतं आणि नातेवाईक सर्जनच्या नावाने बोटं मोडतात. (रिपोर्टात नुसती ‘किंचित गळती’ असेल तर घाबरू नये, ती धडधाकट माणसांतही सापडते.)

लघवीच्या गोळ्यांनी पायांची सूज आणि आडवं पडल्यावर लागणारा दम कमी होतो. झडप त्याने मिटत नाही.

कारणांत तुमच्या लेखकाला तळलेले पदार्थ आणि ताणतणाव सापडले, धन्य! उतारवयात झडपेचे दोर तुटतात, हार्ट अटॅकनंतर तिला धरणारा स्नायू निकामी होतो. आपल्याकडे तरुण रुग्णांत मात्र मूळ बहुधा लहानपणी स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा धरून आलेल्या ऱ्हुमॅटिक तापात असतं. तो ताप पुन्हा उलटू नये म्हणून त्यांना बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, १२ लाख युनिट, दर ३ ते ४ आठवड्यांनी कमरेत. झडप बिघडलेली असल्यास १० वर्षं किंवा चाळिशीपर्यंत, जे लांबेल तोवर. एवढ्या मोठ्या लेखात पेनिसिलिन हा शब्द एकदाही नाही. लसूण मात्र चारदा.

दुरुस्ती छापाल तर त्याच पानावर, तशाच चौकटीत छापावी.

आपला,
एक डॉक्टर वाचक, सातारा