अरब देशांची खरी परीक्षा तांबड्या समुद्रात

महोदय,

अरब देश अमेरिकेच्या गोटातून निघून चीनच्या गोटात चालले आहेत, असा सूर गेली काही वर्षे सगळीकडे लागतो. मार्च २०२३ मध्ये बीजिंगला सौदी-इराण समेट झाला, तेव्हापासून तर जास्तच. माझी उमेदीची वर्षे टँकरवर गेली. रास तनुरा, यान्बू, जिबुती ही बंदरे कामानिमित्त पाहिली. त्या पाण्यावर जे दिसले, त्याच्याशी हे गोटांचे गणित जुळत नाही.

तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाची बाब-अल-मंदब ही सामुद्रधुनी जेमतेम तीस किलोमीटर रुंद, त्यात मध्ये पेरिम बेट. तिच्या तोंडाशी जिबुती, अरब लीगचा चिमुकला सदस्य. तिथे अमेरिका, फ्रान्स, जपान, इटली यांचे तळ आहेत आणि २०१७ पासून चीनचाही. सोमाली चाच्यांचा जोर होता तेव्हा आम्ही रेलिंगला काटेरी तारा गुंडाळून आणि फायर होज जोडून एडनच्या आखातातून जात असू. जहाजावरच्या व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल १६ वर एकाच वॉचमध्ये (पाळीत) अमेरिकी, चिनी, रशियन, भारतीय युद्धनौकांचे आवाज कानावर पडत. ज्यांचा किनारा, त्या अरब देशांच्या नौका मात्र त्या गर्दीत क्वचितच असत. मला ते तेव्हाही खटकत असे.

नोव्हेंबर २०२३ पासून हुथींनी, म्हणजे येमेनमधल्या इराणसमर्थित बंडखोरांनी, गाझाच्या पाठिंब्यासाठी म्हणत व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. महिन्याभरात अमेरिकेने संरक्षणासाठी आघाडी जाहीर केली. त्या यादीत अरब देश एकच होता, बहरीन. सुएझ कालव्याचे उत्पन्न २०२३ मध्ये सुमारे दहा अब्ज डॉलर होते, ते पुढच्या वर्षी चार अब्जांच्या आसपास आले, तरी इजिप्तने आपले नाव दिले नाही. जेद्दा आणि यान्बू याच समुद्रावर असूनही सौदी अरेबिया बाजूलाच राहिला. त्यांना मी भित्रे म्हणणार नाही. गाझात रोज माणसे मरत असताना इस्रायलच्या बाजूने उभे असल्याचे दिसणे कुठल्याही अरब राज्यकर्त्याला आपल्या जनतेपुढे परवडणारे नव्हते. शिवाय एप्रिल २०२२ मध्ये येमेनमध्ये झालेला युद्धविराम सौदीला मोडायचा नव्हता.

मग चीन? हल्ले टाळण्यासाठी काही जहाजांनी एआयएसच्या (जहाजाची ओळख आणि ठिकाण सर्वांना कळवणाऱ्या यंत्रणेच्या) डेस्टिनेशनच्या रकान्यात ‘सर्व खलाशी चिनी’ असे लिहायला सुरुवात केली होती. असले काही लिहावे लागणे म्हणजे खलाशाच्या जिवाची काय किंमत उरली, ते बघा. मार्च २०२४ मध्ये हुआंग पू या चिनी मालकीच्या टँकरवरही क्षेपणास्त्र येऊन आदळलेच. चीन त्या आघाडीत आला नाही, जिबुतीतला तळ हाकेच्या अंतरावर असूनही. अमेरिकेचे तरी काय? मे २०२५ मध्ये ओमानच्या मध्यस्थीने तिने हुथींशी आपल्यापुरते मिटवले. जुलैत मॅजिक सीज आणि इटर्निटी सी ही दोन मालवाहू जहाजे बुडवली गेली आणि इटर्निटीवरचे काही खलाशी प्राणाला मुकले. अल-उदैदसारखा मोठा अमेरिकी तळ कतारमध्ये असूनही सप्टेंबर २०२५ मध्ये इस्रायलने दोहावर हल्ला केला. आठ दिवसांनी सौदीने पाकिस्तानशी संरक्षण करार केला. २०१९ मध्ये अबकैकच्या तेलप्रकल्पावर ड्रोन पडून सौदीचे निम्मे तेलउत्पादन थांबले होते आणि अमेरिका हात राखून बसली होती, ते रियाध विसरलेले नाही.

यापुढे अरब देश शस्त्रे अमेरिकेकडून घेतील, तेल चीनला विकतील आणि रशियाशी ओपेक प्लस या तेलउत्पादक देशांच्या गटात बसतील. यात कुणी कुणाला फसवत नाही. एकावरच भिस्त ठेवली तर काय होते, ते त्यांनी पाहिले आहे. मला काळजी आहे ती त्यांच्या आपापसातल्या दुहीची. २०१७ ते २०२१ कतारची कोंडी झाली. सुदानच्या यादवीत इजिप्त आणि सौदी लष्कराच्या बाजूचे, तर लष्कराशी लढणाऱ्या आरएसएफ या निमलष्करी दलाला शस्त्रे पुरवल्याचा आरोप अमिरातीवर. अमिराती तो नाकारते. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस सौदीच्या आघाडीने येमेनच्या मुकल्ला बंदरात अमिरातीहून आलेल्या मालावर बॉम्ब टाकले. येमेनच्या युद्धात हे दोघे एका बाजूने उतरले होते! बाहेरच्या सत्तांना पाय रोवायला अशाच फटीतून जागा मिळते.

तांबडा समुद्र आणि एडनच्या आखाताच्या काठावरील अरब-आफ्रिकी देशांची परिषद जानेवारी २०२० मध्ये रियाधला स्थापन झाली. सौदी, इजिप्त, जॉर्डन, सुदान, येमेन, जिबुती, सोमालिया आणि इरिट्रिया असे आठ सदस्य. सोमालीलँडमधल्या बर्बेरा बंदरात पैसा ओतणारी अमिराती तीत नाही. हुथींच्या हल्ल्यांत या परिषदेचा जहाजांना काही उपयोग झाला नाही. अमिरातीला तीत घ्यावे आणि इजिप्त व सौदीच्या नौदलांनी निदान जेद्दापासून बाब-अल-मंदबपर्यंत स्वतःची गस्त उभी करावी. वॉशिंग्टन आणि बीजिंगच्या बातम्या आपण देताच. पोर्ट सुदान, एडन आणि मुकल्ला इथल्या घडामोडींनाही आपल्या पानावर नियमित जागा मिळावी, अशी विनंती आहे.

आपला,
मर्चंट नेव्हीतील एक निवृत्त कॅप्टन