कास्टिंग कापून दाखवा

महोदय,

डायकास्टिंगचं, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून सुटे भाग बनवण्याच्या कामाचं, प्रदर्शन नुकतंच पाहून आलो. मी 22 वर्षं ॲल्युमिनिअम ओतायच्या कोल्ड चेंबर मशीनवर काढली आहेत, तरी तिथली अजस्र मशीनं पाहून डोळे दिपले, हे कबूल. पण स्टॉलवर जाल तिथे काचेमागे चकचकीत सुटे भाग! एका ठिकाणी विचारलं, 'हा मधून कापलेला मिळेल का पाहायला?' पोरगं गडबडलं, माहितीपत्रक हातात ठेवून मोकळं झालं.

आमचं दुखणं आतच असतं. 660 अंशांना वितळणारं ॲल्युमिनिअम डोळ्याची पापणी लवायच्या आत साच्यात घुसतं आणि हवा कोंडते. वरून आरसा दिसणारा भाग मशीनिंगला, म्हणजे कापून-घासून मापात आणायला, गेला की छिद्रं उघडी पडतात, आणि बोलणी ऑपरेटरला.

मी रमलो ते कोपऱ्यातल्या साचा-दुरुस्तीच्या स्टॉलवर. तिथे एक वापरलेला साचा होता. दर शॉटला, म्हणजे दर वेळी धातू भरताना तापून, मग फवाऱ्याने गार होऊन गेटजवळ, म्हणजे धातू आत शिरतो त्या तोंडाशी, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडलेल्या. बोट फिरवलं तर नख अडकलं. मालकाने वेल्डिंग कुठे टिकतं, कुठे नाही, हे न लपवता सांगितलं. गर्दी मात्र समोरच्या रोबोटपुढे.

आयोजकांनी पुढच्या वेळी कापलेले, नापास झालेले भागही मांडायला लावावेत.

— एक डायकास्टिंग ऑपरेटर