दिल्या, लाल रंग उतरला

लालबाग,
श्रावणाच्या तोंडावर

प्रिय दिल्या,

पत्र नाही म्हणून मनातल्या मनात शिव्या देऊन झाल्या असतील, तर आता पुढे वाच. तब्येत बरी आहे. गुडघा आहे तसाच.

आपल्या भजनी मंडळाचा पखवाज उघडलाय. लाकडी गठ्ठे काढले, चामड्याची वादी सोडवली, दोन्ही तोंडांच्या चामडी पुड्या उतरवल्या. नुसतं खोड माझ्याकडे गॅलरीत चटईवर आडवं आहे. स्पर्धेच्या आदल्या रात्री तू फासलेला लाल ऑइलपेंट अखेर निघाला. तेव्हा तुझ्याशी अबोला धरला होता आणि माझं म्हणणं आजही तेच आहे: शिसवीवर रंग चढवत नाहीत! पण लालच्या खाली हिरवा निघाला, हिरव्याच्या खाली पिवळा. म्हणजे पहिला गुन्हेगार तू नव्हेस, एवढी सूट तुला दिली.

घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा लागू झाली २०१७मध्ये, आणि आपले डबे त्याच्या कितीतरी आधीचे. शिशाची धूळ उडू नये म्हणून कोरडं घासू दिलं नाही. रिमूव्हरने रंग फुगवला, रेषेच्या अंगाने पत्रीने खरवडला, उरलेला ओल्या वॉटर पेपरने काढला. मंडळातली पोरं हीट गन घेऊन आली होती, परत पाठवली. जुनं खोड तापलं की चीर जायची भीती. तोंडाच्या काठाला तर कुणाला हातच लावू दिला नाही, काठ कमी-जास्त झाला की पुडी नीट बसत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. उजव्या तोंडाकडे, गजऱ्याच्या, म्हणजे सूर चढवायला ठोकतात त्या पुडीच्या चामडी वेणीच्या खाली, हातोडीचे पोचे आहेत. रंगाने भरलेले होते, आता उघडे पडले. बोट फिरवलं तर एकेक लागतो. आणि सगळे एकाच अंगाला दाट! पखवाज वाजवणारे आपले बुवा अभंग चालू असताना सूर चढवायचे आणि खोड न फिरवता वर दिसेल तिथेच ठोकायचे. तू मागून टाळ थांबवून ओरडायचास, "बुवा, फिरवा की!" ते फिरवायचे नाहीत. निसटलेला प्रत्येक घाव तिथे आहे रे.

पोरांना तिथे लांबी (पुट्टी) भरून वर मेलामाइन पॉलिशची चकाकी हवी. एकाने सांगितलं, ओला कपडा ठेवून इस्त्री फिरवली की दबलेलं लाकूड फुगून वर येतं. खरं आहे, येतं. म्हणूनच मला झोप नाही. मी नसताना कुणी पाच मिनिटांत बुवांना पुसून टाकेल. ही पोरं वाईट नाहीत, मन लावून वाजवतात. पण त्यांनी बुवांना ऐकलेलं नाही.

मला चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, पातळ हात द्यायचेत, बस्स. चपडा स्पिरिटमध्ये भिजवून ठेवलाय, पण या ओल्या हवेत लावला तर पांढरा पडेल. चांगली उघडीप मिळेपर्यंत खोड असंच उघडं राहणार, आणि तोवर रोज हीच हुज्जत.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिंगी दहावीला ना यंदा? तिला माझा आशीर्वाद सांग.

तू पोरांना फोन कर. माझं ऐकून घेतात, तुझं मानतात. लाल रंग कुणी लावला ते त्यांना सांगितलेलं नाही. हवं तर तूच सांग, पण पोच्यांना हात लावायचा नाही हे आधी सांग.

तुझा,
बाळ्या