तो टीव्ही मी पाहिलेलाच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला टीव्ही आणि झटपट खाण्यावरचा लेख वाचला. लेखकाची लेखणी गोड आहे, वाद नाही. पण संध्याकाळ झाली की सगळं घर रामायण बघत गरमागरम मॅगी खायचं, हे वाचून चहा माझ्या नाकात गेला. रामायण सुरू झालं 25 जानेवारी 1987 ला, रविवारी, आणि लागायचं सकाळी साडेनऊला. संध्याकाळी कुठल्या गावात लागत होतं तेवढं कळवावं.

आणि तो फोटो? खणाखणाच्या अॅल्युमिनियमच्या ताटात टर्की, मटार आणि रताळं घेऊन बसलेली मंडळी आपल्याकडची नव्हेत हो. ते अमेरिकेतलं ‘टीव्ही डिनर’. स्वॅन्सन कंपनीनं 1954 च्या सुमाराला बाजारात खपवलं, 98 सेंटला एक. तेही गोठवलेलं, ओव्हनमध्ये 25 मिनिटं ठेवल्याशिवाय तोंडात घालता येत नसे. आमच्या सांगलीच्या वखारभागात तेव्हा ओव्हन म्हणजे बेकरीची भट्टी.

एवढंच असतं तर सोडून दिलं असतं. पण ‘सगळं घर’ हा शब्द मला झोंबला. सगळं घर कधीच टीव्ही बघत नव्हतं. एकजण पत्र्यावर असायचा. आमच्या घरात तो मी.

वाड्यात टीव्ही एकच, आमचा. लाकडी पेटीतला, सरकत्या शटरचा, काळापांढरा. रविवारी नऊ वाजल्यापासून चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. आणि बरोब्बर साडेनऊला पडद्यावर मुंग्या. मग आजोबांची हाक, ‘‘धाकट्या, वर जा.’’ वारा सुटला की अँटेना फिरायचा, कावळा बसला की फिरायचा, काहीच झालं नाही तरी फिरायचा. मी पाइप धरून, थोरला भाऊ जिन्यात, काकू दारात.

‘‘आलं काय?’’
‘‘आलं आलं! गेलं!’’
‘‘आता?’’
‘‘मघाशी होतं तसं कर की!’’

मघाशी कसं होतं, हे पत्र्यावरच्या माणसाला कसं कळावं? शेवटी चित्र यायचं ते मी पाइपाला हात लावून उभा असलो तरच. हात काढला की प्रभू रामचंद्र मुंग्यांत.

त्या रविवारी मुंबईहून आलेल्या आत्यानं मॅगीची चार पाकिटं आणली होती. मॅगी भारतात येऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच. पाकिटावर दोन मिनिटं लिहिलेलं. आमचा स्टोव्ह पेटायलाच पाच लागायची, आधी पिन मारायची, मग पंप. खाणारी माणसं चौदा. आईनं त्यात कोबी घातला, मटार घातले, तरी भागेना म्हणून फोडणीला मोहरी आणि हळद. हळदीच्या गावात पिवळं झाल्याशिवाय ताटात काही पडत नाही. वास पत्र्यापर्यंत येत होता. तिकडे हनुमान द्रोणागिरी उचलून निघालेला, खालून सगळ्यांचे हात जोडलेले आवाज, आणि मी पाइप उचलून उभा. मध्येच खालून ‘‘आहे तस्साच उभा रहा!’’ अशी आज्ञा.

उतरलो तेव्हा जाहिराती लागल्या होत्या. माझा वाटा आईनं झाकून ठेवला होता, हे तिचं खरंच उपकार. पण झाकण काढलं तर मॅगीची वडी झालेली. उलथन्यानं कापून दिली. थोरला म्हणाला, ‘‘छान लागते, तू उशीर केलास.’’ हे वाक्य मी छत्तीस-सदतीस वर्षं जपून ठेवलं आहे.

लेखकमहाशय लिहितात की त्या काळी माणसं एकमेकांच्या जवळ होती. बरोबर आहे. चौदाजण एका खोलीत होते, जवळच असणार. उंचीनं मी जरा लांब होतो.

2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शननं रामायण पुन्हा दाखवलं तेव्हा म्हटलं, आता फिटेल. वय पंचेचाळीस, घर आमचं स्वतःचं, गॅस, रंगीत टीव्ही. संजीवनीच्या भागाला मुद्दाम मॅगी करून घेतली, बिनहळदीची. पहिला घास तोंडात घालतो तोच पाऊस आला आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’. सौ. म्हणाली, ‘‘डिशची छत्री हलली असेल, जरा गच्चीवर बघून या की.’’ गेलो. छत्रीला हात लावला. खालून मुलगी ओरडली, ‘‘बाबा, आलं! हलू नका!’’

तेव्हा यापुढे असा लेख छापाल तर ‘सगळं घर’ऐवजी ‘एक सोडून सगळं घर’ असं छापावं, ही विनंती.

जाता जाता, बुधवारच्या शब्दकोड्यात आडव्या 9 ला चौकटी चार आणि उत्तर पाच अक्षरी होतं. मी खोडरबर झिजवला. दुरुस्ती आजपर्यंत आलेली नाही. फोटो अमेरिकेहून आणायला सवड होते, एक चौकट वाढवायला होत नाही का?

कळावे. नाव छापू नये, थोरला भाऊ तुमचाच अंक घेतो.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली